बुधाजीचे दातुक

खाडीकाठच्या एका गावात बुधाजी नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा, म्हणून तीन मुलींनी त्याला नकार दिला होता. आता उरली होती पलीकडच्या गावची कुंदा. तिच्या घरात आजोबांचा शब्द शेवटचा.

बुधाजीचा मामा मलायाला राहून आलेला. कुंदाचे आजोबाही तिकडेच उमेदीची वर्षं काढलेले जुने खलाशी. मामा म्हणाला, "तिकडे आजोबांना दातुक म्हणतात. पाया पड आणि दातुक म्हण. म्हातारा विरघळलाच समज."

"ओळखू कसा?"

"पांढरी दाढी आहे."

वाटेत पांढऱ्या दाढीचा बोकड भेटला. बुधाजी आडवा पडला. "दातुक, आशीर्वाद द्या." बोकडाने टोपी खाल्ली. बोडक्याने मुलगी बघायला कसं जायचं, म्हणून बुधाजी घरी परतला.

"नुसती दाढी काय बघतोस?" मामा म्हणाला. "तिकडे गावच्या पुढाऱ्यालाही दातुक म्हणतात. मान बघावा. ज्याला बघून लोक वाट सोडतात, तो दातुक."

दुसऱ्या दिवशी बाजारात लोक भराभर बाजूला झाले. दावं तोडून वळू येत होता. बुधाजी हात जोडून मधोमध उभा. "या दातुक, या." चौघांनी त्याला गटारातून काढला.

मामाने कपाळाला हात लावला. "बुध्या, तिकडे वाघालाही दातुक म्हणतात, नाव घ्यायची भीती म्हणून. पण त्याच्या पुढ्यात जातं का कोणी? ज्याला बघून धडकी भरते त्याला लांबूनच हात जोड, दार लावून घे आणि सांग, दातुक, तुमचं रान तुम्हाला, आमचं घर आम्हाला."

बुधाजीने हे तीनदा घोकलं.

मुलगा काही येईना, तेव्हा कुंदाचे आजोबा स्वतःच निघाले. आडदांड अंग, छातीवर रुळणारी दाढी, हातात सोटा. मामा बाहेर गेलेला, आई विहिरीवर. आजोबा अंगणातून गरजले, "आहे का कोणी?"

बुधाजीला बघूनच धडकी भरली. त्याने हात जोडले, दार लावलं, अडसर घातला. "दातुक, तुमचं रान तुम्हाला, आमचं घर आम्हाला."

तो शब्द ऐकला आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांत कोणी त्याला अशी हाक मारली नव्हती. "बाळा, दार उघड," तो मऊ आवाजात म्हणाला. "मुलगी तुझीच."

इतका गोड बोलतोय म्हणजे नक्की भुकेला आहे, असं बुधाजीने ताडलं. खिडकीतून त्याने एक जिवंत कोंबडी बाहेर फेकली.

"ही खा, दातुक. मुलगीसुद्धा तुम्हीच खा. माझ्या आईला तेवढं सोडा."

आजोबांनी कोंबडी नेली. मुलगी दुसरीकडे दिली.