टेकडीवरचा धाकू

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक टेहळ्या राहत होता. टेहळ्या म्हणजे काय, ते आधी ऐका. हे गाव रापणीचं. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. त्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावर धरायचं, होडीने जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा फेरा मारायचा आणि दुसरं टोक परत किनाऱ्यावर आणायचं. मग अख्ख्या गावाने ओढायचं. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळायचा, मग तो म्हातारा असो की पाहुणा.

पण जाळं सोडायचं कुठे? मासळीचा थवा खालून दिसत नाही, उंचावरून दिसतो. म्हणून धाकू टेकडीवर बसायचा. पाणी काळवंडलेलं दिसलं की हातातलं लाल फडकं हलवायचा. फडकं डावीकडे गेलं की होडी डावीकडे, उजवीकडे गेलं की उजवीकडे.

या कामाचा धाकूला केवढा तोरा! बाजारातून चालला तरी मान टेकडीइतकी उंच. पण गर्वाचं घर खाली म्हणतात ना, तसंच झालं. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने ढगाच्या सावलीला मासळी समजून फडकं हलवलं. गावाने घाम गाळून जाळं ओढलं, तर आत नुसतं शेवाळ आणि एक फाटकी चप्पल!

झालं! तेव्हापासून धाकूने फडकं हलवलं की किनाऱ्यावर वाद सुरू. "मासो आसा की ढग?" "मागच्या खेपेसारखा करूचो नाय मां?" वाद मिटून होडी पाण्यात जाईपर्यंत मासळी पसार. जाळी रिकामी येऊ लागली आणि खापर फुटलं धाकूच्याच माथ्यावर. शेवटी एका रात्री गावाने ठरवलं, उद्याचा दिवस बघायचा. उद्या मासळी मिळाली नाही तर परवापासून टेकडीवर दुसरा माणूस.

धाकूचं काळीज तुटलं. त्याचा बाप तिथे बसला होता, आजा तिथे बसला होता. तो उजाडताच टेकडी चढला आणि डोळ्यांत तेल घालून बसला.

आणि अहो, काय सांगू! ऊन वर आलं तशी समुद्रातल्या खडकाजवळ पाखरं घिरट्या घालू लागली. एक पाखरू सूर मारून खाली गेलं, मग दुसरं, मग सगळीच. खाली पाणी काळंभोर झालं. बांगडा! खळ्यात भात पसरावा तसा बांगडा पसरला होता. धाकू ताडकन उभा राहिला.

फडकं वर गेलं, आणि तिथेच थांबलं.

खडकाच्या टोकापासून समोरच्या पांढऱ्या कड्यापर्यंत एक रेघ धरलेली होती. सरकारने आणि गावाने मिळून ती ठरवली होती. रेघेच्या पलीकडे जाळं टाकायचं नाही. तिथल्या कपारींत मासळी अंडी घालते, पिल्लं वाढतात. गावच्या बायका त्या पाण्याला मासळीचं माहेर म्हणत. बाळंतपणाला आलेल्या लेकीला कोणी कामाला जुंपतं का? पण ही रेघ टेकडीवरूनच कळायची. खालून बघावं तर खडकाआड कडा झाकलेला आणि पाणी सगळं सारखंच.

बांगडा रेघेच्या पलीकडे, माहेराच्या पाण्यात होता. फार नाही, होडीच्या दोन लांब्या आत.

किनाऱ्यावरूनही पाखरं दिसलीच होती. माणसं होडीला खांदे लावून उभी, बायका दोरी धरून उभ्या. "हलव मरे, हलव!" "धाकू, निजलंस काय?" पोरं नाचत होती, कुत्री भुंकत होती. धाकूचा वर थांबलेला हात आपोआप हलू लागला. त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. त्याने काय केलं माहीत आहे? फडकं खाली टाकलं आणि त्याच्यावर चक्क बसला!

रापणीचे मुख्य तातू तांडेल तरातरा टेकडी चढून आले. धापा टाकत त्यांनी समुद्राकडे बघितलं आणि त्यांचेही डोळे लकाकले.

"अरे, हलव! खाली रेघ कोणाक दिसता? फक्त तुका नि माका."

"म्हणानच माका हयसर बसवल्यात मां, तात्यानु?"

"दोन होड्यांच्या लांबीन काय बुडता? पाप माझ्या माथ्यार!"

"पाप तुमचा, पण हात माझो मां!"

तातू लालबुंद झाले. धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो बसला तो बसलाच. बघता बघता बांगडा आणखी आत सरकला, खोल गेला. पाखरं उडाली. पाणी पुन्हा निळं झालं. तातू टेकडी उतरून गेले.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. धाकू मान खाली घालून आला. त्याने फडक्याची नीट घडी करून ते तातूंपुढे ठेवलं.

तातूंनी फडक्याला हात लावला नाही. ते उठून उभे राहिले.

"मासो होतो. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. पण रेघेच्या पलीकडे होतो. मी ह्याका म्हटलंय, हलव. ह्यो हललो नाय. हललंय तो मी."

मग कोपऱ्यातून सखूबाय बोलली. घरात कमावणारं कोणी नव्हतं, दोरीच्या वाट्यावर तिची चूल पेटायची.

"आज माझ्या घरात कालवण नाय. नसांदे. पण उद्या ह्येचो हात हाललो काय मी कायएक इचारूचंय नाय. थेट दोरी धरतलंय."

तिने फडकं उचललं आणि धाकूच्या खांद्यावर टाकलं.

पुढे एका सकाळी समुद्र अगदी शांत होता. आभाळात एक पाखरू नाही, पाण्यावर एक तरंग नाही. किनाऱ्यावर माणसं जाळ्यांची भोकं शिवत बसली होती. एवढ्यात टेकडीवर लाल फडकं हललं.

होडी पाण्यात! सुया वाळूत पडल्या, चहाचे कप कलंडले. दुकानदार दुकान उघडं टाकून धावला. फडकं उजवीकडे, होडी उजवीकडे. फडकं फिरलं, होडी फिरली. जाळं रेघेच्या अलीकडून, मोकळ्या पाण्यातून गोल आलं. "होऽ हैसा! ओढ रे, हैसा!" दोरी ताणली, हात सोलवटले, जाळं जड, आणखी जड! आणि जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागलं तेव्हा आत बांगडेच बांगडे, उड्या मारणारे, तडतडणारे! पोरांनी आरोळ्या ठोकल्या. तातू म्हातारे, पण तेही वाळूत नाचले.

धाकू धडपडत टेकडी उतरून आला. दोरीवर हात ठेवायला जागा उरली नव्हती. सखूबायने कोपराने शेजारणीला ढकललं आणि त्याला जागा करून दिली. तिनेच काय, गावातल्या कोणीच आज विचारलं नव्हतं की मासा आहे की ढग.

तात्पर्य: ज्याच्या इशाऱ्यावर गाव डोळे झाकून चालतं, त्याने स्वतःचे डोळे कधी झाकू नयेत. एक दिवसाची मासळी गेली तर पुन्हा येते, गेलेला विश्वास असाच कमवावा लागतो.