पोटभर हुरडा आणि वैद्यबुवांचा दोरा

“हुरडा पोटभर खाईन! वर परातभर जिलब्या खाईन! आणि संध्याकाळी वैद्यबुवांचा दोरा माझ्या पोटाभोवती जुळलाच पाहिजे. नाही जुळला, तर या शेतात माझे हत्ती सोडीन!”

भूपतिराजानं असं फर्मावलं आणि हैबती शेतकरी मटकन बांधावरच बसला. चार एकर ज्वारी, नुकती कुठं दाण्यात आलेली, आणि संक्रांतीच्या हुरड्याला राजाला अख्ख्या मुलखात नेमकं त्याचंच शेत आवडावं!

दोऱ्याची भानगड अशी होती. राजाचं पोट इतकं सुटलं होतं, की तो रिकिबीत पाय ठेवायला गेला की घोडाच बाजूला सरकायचा. शेवटी नारोपंत वैद्यांनी चाळीस दिवसांचं पथ्य घातलं. तूप बंद, गोड बंद, जेवण मोजकं. रोज सूर्य मावळताना वैद्यबुवा राजाच्या पोटाभोवती ठरलेल्या मापाचा दोरा धरायचे. दोन टोकं जुळली नाहीत, तर पथ्य पुन्हा पहिल्या दिवसापासून! एकोणचाळीस दिवस राजानं कसेबसे काढले होते. चाळिसावा नेमका संक्रांतीला आला.

“पण महाराज,” हैबती हात जोडून म्हणाला, “पोटभर खायचं आणि पथ्यही राखायचं, हे जमावं कसं?”

“ते यजमानानं बघावं! आणि खबरदार, मला कोणी ‘नको’ म्हणायचं नाही. काही लपवायचं नाही. समोरून परात हलवायची नाही!”

हैबतीची मुलगी भागी शेजारीच कणसं मोडत होती. पोरगी जिभेची तिखट, डोक्याची त्याहून तिखट. विहिरीपाशी बांधलेले तीन हत्ती ज्वारीकडं सोंडा लांबवत होते, ते तिनंही पाहिलं. पण भीती चेहऱ्यावर दाखवेल तर ती भागी कसली!

“आबा, उठा, आगटी पेटवा,” ती म्हणाली आणि राजापुढं आली. “महाराज, तुमचं सगळं कबूल. आमच्या तळेखेडच्या आगटीची रीत तेवढी पाळा म्हणजे झालं.”

“कसली रीत?”

“ज्याचा हुरडा त्यानंच चोळायचा. आणि हुरड्यानं पोट भरलं की मगच गोडाला हात लावायचा. आगटीचा मान असतो तो.”

“बस्स, एवढंच?” राजा खदखदून हसला. “अगं, दहा कणसं तर मी बोलता बोलता संपवीन! दिला शब्द, साऱ्या गावादेखत दिला!”

झालं! गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं खुपसली गेली. चटणी आली, गूळ आला, दही आलं. राजवाड्यातून आलेली जिलब्यांची परात राजाच्या गुडघ्यालाच टेकवून ठेवली. भागीनं पहिलं वाफाळतं कणीस राजाच्या तळहातावर ठेवलं.

“आई गं!” राजा ओरडला. कणीस या हातातून त्या हातात नाचायला लागलं.

आता गरम कणीस चोळणं म्हणजे काय, ते ज्यानं चोळलंय त्यालाच विचारा! राजाच्या हातांना आयुष्यात ओझं झालं असेल ते अंगठ्यांचं. हळू चोळलं तर दाणा सुटेना, जोरात चोळलं तर दाणे मातीत. फुंकर मारली तर फोलपटं उडून त्याच्याच मिशांत! शेजारी गावकरी मुठीमागून मुठी तोंडात टाकत होते आणि राजा एकेक दाणा वेचून खात होता. दुपार कलली तरी त्याची पाच कणसं काही झाली नव्हती. तळहात लालबुंद, पोट अर्धं रिकामं, आणि जिलब्यांचा वास थेट नाकात.

“पुरे!” राजा शेवटी गरजला. “कोणी तरी चोळून द्या मला!”

दहा गडी लगबगीनं उठले. हैबतीनं डोळेच मिटून घेतले. आता हुरडा भराभर पोटात जाणार, मग जिलब्या जाणार, मग हत्ती येणार!

“थांबा रे!” भागी म्हणाली. “महाराजांचा हुकूम डोक्यावर. मी स्वतः चोळून भरवते. पण आमच्यात आयतं भरवतात ते तिघांनाच. तान्ह्या बाळाला, दात पडलेल्या म्हाताऱ्याला आणि आजाऱ्याला. महाराज यातले कोण, तेवढं सांगावं.”

राजानं मिशांवरून हात फिरवला. बाळ म्हणवून घ्यायची सोय नव्हती. दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत. मग त्याचा चेहरा एकदम खुलला.

“आजारी! मी आजारी आहे!”

“आजारी?” दोरा घेऊन राजासोबत आलेले नारोपंत वैद्य ताडकन उठले. “अरेरे! मग जिलबी कसली घेऊन बसलात? कडू काढा घ्या, आणि पथ्य आणखी चाळीस दिवस!”

“छे छे छे!” राजा किंचाळला. “मी ठणठणीत आहे! मला काहीएक झालेलं नाही!”

“मग चोळा की, महाराज!” असं म्हणून भागीनं नवं कोरं, धगधगतं कणीस त्याच्यापुढं धरलं.

राजानं कणसाकडं पाहिलं, आपल्या लाल तळव्यांकडं पाहिलं, भागीकडं पाहिलं. तेवढ्यात सूर्य डोंगराला टेकला आणि वैद्यबुवांनी दोरा काढला. तो जुळला, वर चार बोटं उरला!

“पोरी, मला फसवलंस तू!”

“मी? महाराज, तुम्हाला कोणी ‘नको’ म्हटलं का? काही लपवलं का? परात तसूभर तरी हलली का? तुम्हाला अडवलं ते तुमच्याच दोन हातांनी. त्यांना काय शिक्षा करायची ती खुशाल करा!”

राजा हसायला लागला. इतका हसला, की मिशांतली फोलपटं वैद्यबुवांच्या अंगावर उडाली. त्यानं बोटातली हिऱ्याची अंगठी काढून भागीच्या हातावर ठेवली, हैबतीला ते शेत पिढ्यान्‌पिढ्यांसाठी इनाम दिलं आणि हत्ती माघारी धाडले.

“आणि वैद्यबुवा,” दोन्ही तळवे दह्याच्या वाडग्यात बुडवत तो म्हणाला, “पथ्य संपलंय. तेवढी एक जिलबी माझ्या तोंडात घाला हो, हात कामातून गेलेत!”