वायरवाली दांडी

फार वर्षांपूर्वी एका बंदरावर रेडिओचा अँटेना होता. आडव्या नळीवर ओळीनं लहानमोठ्या दांड्या, पण वायर एकीलाच जोडलेली. ती बाकीच्यांना हिणवायची, "होड्यांची हाक मी ऐकते. तुम्ही नुसत्या वाऱ्याला आडव्या. व्हा बाजूला!"

"बरं बाई," म्हणत त्या खाली उतरल्या.

तेवढ्यात वादळ उठलं. समुद्रातून एका होडीचा तांडेल मदतीसाठी हाका मारू लागला, पण चहूकडून नुसती खरखर येई आणि त्यात शब्द बुडून जात. वायरवाली दांडी ओरडली, "अगं बायांनो, वर या! तो बुडतोय, आणि मला काही कळत नाहीये!"

दांड्या धडपडत चढल्या. लांबडी मागे उभी राहिली, बुटक्या पुढे. लांबडीनं मागून येणारी खरखर अडवली, बुटक्यांनी समोरची हाक वायरवालीकडे वळवली.

"खडकापाशी आहोत!" तांडेलाचा आवाज आला. मदतीची होडी सुटली.

तांडेल किनाऱ्याला लागला. "जवळच राहा गं," वायरवाली दांडी बाकीच्यांना पुन्हापुन्हा म्हणत होती.