डोंगराचे नाव नसलेले शंख

एकदा एक वृद्ध सृष्टिअभ्यासक सह्याद्रीच्या पायथ्याशी राहत असत. आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी एकाच जिवाच्या मागे वेचली होती, आणि तो जीव म्हणजे झाडावरची साधी गोगलगाय. आसपासच्या सात डोंगरांवर ती सापडे. काही डोंगरांवर तिच्या शंखाचे वळण उजवे असे, काहींवर डावे. असे का असावे, हा प्रश्न त्यांना तरुणपणी पडला आणि त्या प्रश्नाने त्यांना पुढे कधी सोडले नाही.

उत्तर हळूहळू सापडत गेले. काही डोंगरांवर गोगलगायी खाणारा एक साप होता. त्याच्या जबड्याची ठेवण अशी, की उजव्या वळणाचा शंख त्यात नेमका अडके आणि डाव्या वळणाचा निसटून जाई. जे निसटले त्यांची प्रजा वाढली. असंख्य पिढ्या गेल्या आणि त्या डोंगरांवर डावे शंखच जास्त झाले. "सातही डोंगरांवरच्या गोगलगायीचं मूळ एकच," वृद्ध म्हणत, "पण प्रत्येक डोंगरानं तिला आपल्या परीनं घडवलं."

लोकांना हे रुचत नसे. देवळाच्या पारावर बसणारे शास्त्रीबुवा एकदा म्हणाले, "काय हो, देवाला एकदाच नीट करता आलं नाही वाटतं? बदलत बसला तो?"

वृद्ध हसले. "शास्त्रीबुवा, रात्री घरात विरजण लागतं. सकाळी दही होतं. दूध बदललं म्हणून विरजण लावणारं कोणी नाही, असं मी कुठं म्हटलं?"

पाच डोंगर त्यांनी स्वतः पालथे घातले. उरले दोन, एक सापाचा आणि एक बिनसापाचा. तोवर गुडघे थकले, दृष्टीही अधू झाली. दहा दिवसांनी विद्वानांच्या सभेत ग्रंथ वाचायचा होता. म्हणून त्यांनी आपल्या शिष्याला धाडले. शिष्य तिशीचा, बुद्धिमान, गुरूंवर जीव टाकणारा. निघताना त्यांनी एकच नियम पुन्हा सांगितला, "शंख उचलला की तिथंच चिठ्ठीवर डोंगराचं नाव लिही. मग दुसऱ्याला हात लाव."

घरात त्यांच्या पत्नीचेही एक व्रत चालू होते. ग्रंथ पुरा होईपर्यंत गूळ खायचा नाही, असे बावीस वर्षांपूर्वी त्यांनी देवापुढे म्हटले होते. शिष्य परतला त्या संध्याकाळी त्यांनी उद्यापनासाठी पुरणाची डाळ निवडायला घेतली.

आता शिष्याच्या हातून काय घडले होते, ते सांगते. डोंगरांवर त्याने नियम पाळला नाही. 'संध्याकाळी मुक्कामाला बसून सगळ्या चिठ्ठ्या एकदम लिहू,' असे म्हणत त्याने दोन्ही डोंगरांचे शंख एकाच पिशवीत टाकले. संध्याकाळी पिशवी उघडली तर कोणता कुठला, काही कळेना. पुन्हा चढायला दिवस नव्हते. मग त्याने विचार केला, गुरूंचे म्हणणे तर खरेच आहे. डावे शंख सापाच्या डोंगराचे, उजवे बिनसापाचे. त्याप्रमाणे निवडून त्याने दोन डबे भरले आणि वर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या.

वृद्धांनी दोन्ही डबे तीन दिवस तपासले. एकेक शंख डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. चौथ्या सकाळी त्यांनी ओसरीवर धोतर पसरले, दोन्ही डबे त्यावर उपडे केले आणि हातांनी सगळे शंख एकत्र कालवले.

"बाबा! हे काय केलंत?" शिष्य ओरडलाच.

"होतं तसं केलं," वृद्ध म्हणाले.

शिष्याचा चेहरा उतरला. तो खाली बसला. त्याने विचारले, "कसं ओळखलंत?"

"अरे, माझ्या पाचही डोंगरांच्या डब्यांत चार-दोन शंख उलट्या वळणाचे निघाले आहेत. सृष्टी इतकी आज्ञाधारक नसते. तुझ्या डब्यांत एकही हट्टी नाही. हे शंख डोंगरानं वाटलेले नाहीत, माझ्या मतानं वाटलेले आहेत. माझ्या मताला माझंच मत साक्षीला उभं केलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या रे, आणि मी मात्र चाळीस वर्षं आरशाशी बोलत बसलो, असं झालं असतं."

"पण सभा दोन दिवसांवर आली! आणि आईंचं व्रत..."

आतून पत्नी बाहेर आल्या. हातात डाळीचे सूप तसेच होते. "माझ्या व्रताची काळजी तू करू नकोस," त्या म्हणाल्या. "देवाला शब्द दिलाय तो पुऱ्या ग्रंथाचा. घाईनं सोडलं तर ते व्रत कसलं? बावीस झाली, आणखी होतील." त्यांनी सुपातली डाळ परत भरून ठेवली आणि शिष्याला वर बघवले नाही.

सभेत वृद्धांनी पाचच डोंगर वाचले. शेवटच्या प्रकरणाची पाने त्यांनी काढून ठेवली होती. कुणीतरी मागून विचारले, "आणि उरलेले दोन?"

"माहीत नाही," वृद्ध म्हणाले.

"चाळीस वर्षांनी माहीत नाही?" सभेत हसू पसरले. तेव्हा शिष्य उभा राहिला. "त्यांना माहीत नाही, कारण मी चुकलो आणि चूक लपवली," एवढेच तो म्हणाला. हसू थांबले.

दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा डोंगरांकडे निघाला. या वेळी चार महिने लागले. परतला तेव्हा वृद्धांची दृष्टी पुरती गेली होती. ते अंथरुणावर होते. शिष्य प्रत्येक शंखाची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवणार होता, पण त्याआधी एक लहान पुडी सोडून त्यातले नऊ शंख त्याने त्यांच्या ओंजळीत ठेवले.

"आधी हे बघा, बाबा. सापाच्या डोंगरावरचे आहेत आणि उजवे आहेत. हे का वाचले, मला उमगत नाही."

वृद्धांनी एकेका शंखाच्या वळणावरून बोट फिरवले. चेहऱ्यावर समाधान पसरत गेले.

"मलाही नाही उमगत," ते हळूच म्हणाले. "हा ग्रंथ आता पुरा होईल. पुढचा तू लिही."

देवापुढे फूल आपण निवडून ठेवतो; सत्य मात्र सापडेल तसेच ठेवावे लागते.