एकोणचाळीस ओळींची शिळा

एका राज्यात बारा घरांची एक वस्ती होती, आणि बारा घरांत मिळून चूल एकच होती. वेशीवर एक शिळा होती. आपण एकत्र कसे राहू, ते तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं होतं. कुणाचं मन मोडायला नको म्हणून प्रत्येक घराच्या आवडत्या ओळी तीत घातल्या, आणि होता होता ओळी एकोणचाळीस झाल्या. दर पौर्णिमेला सगळे त्या एका सुरात म्हणत आणि मग शब्दांवरून भांडत.

अशाच एका पौर्णिमेला 'अतिथीचे स्वागत करू' की 'अतिथीचा सत्कार करू' यावर खल चालला होता. वेशीत एका वाटसरूनं तीनदा पाणी मागितलं. कुणी मान वळवली नाही. हा वाटसरू म्हणजे सोमदंत नावाचा एक मायावी जादूगार. तो म्हणाला, "तुम्ही खरोखर पाळता अशी एक ओळ दाखवाल, तेव्हाच इथे अग्नी पेटेल." चूल विझली. सोमदंत वेशीबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसला.

राजानं दवंडी पिटवली, की सात दिवसांत चूल पेटली नाही तर वस्ती मोडावी आणि बाराही घरांना बारा दिशांना जमिनी द्याव्यात.

चूल सांभाळणाऱ्या वेणाईला काळजी पडली. तिला ना घर ना कुणी माणूस, चुलीशेजारची खोली तेवढी तिची. घरांना जमिनी मिळतील, पण आपण जायचं कुठं?

शिळेवर सोमदंताचा धनेश पक्षी बसला होता. चूल कशी पेटेल, ते तिनं त्यालाच विचारलं.

"तीन गोष्टी आण," धनेश म्हणाला. "कुणाच्याच मालकीचं नसलेलं पाणी. कुणीच न तोडलेलं लाकूड. आणि बाराही घरांनी न सांगता पाळलेली ओळ."

वेणाई डोंगरावर गेली. तिथे एक ढग विसावला होता. तिनं मागितलं, त्यानं घागरभर दिलं. मग ती चालत्या झाडांच्या रानात गेली. एका म्हाताऱ्या झाडानं आपणहून फांदी उतरवून दिली, ती तिनं आणून चुलीत ठेवली. येता-जाता चिंचेखालचा सोमदंत दिसला, की ती घाबरून पदर ओढून घेई.

सातव्या दिवशी सकाळी ती शिळेवरच्या ओळी वाचू लागली. ओळ खोटी असली की तिची अक्षरं पाखरं होऊन उडून जात. 'सदैव सत्य बोलू' गेली. 'परस्परांचा आदर करू' गेली. दुपारपर्यंत शिळा कोरी झाली. माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत घरी गेली.

वेणाई खोलीशी परतली. उंबऱ्यावर रोजच्यासारखी वाढलेली बारा पानं होती. कुठं भिजवलेली डाळ, कुठं दहीपोहे, कुठं गूळ नि शेंगदाणे. इतरांना सुचलं नसेल असं समजून सातही दिवस प्रत्येक घरानं तिचा वाटा गुपचूप ठेवला होता. तिला एकच पान पुरे. उरलेलं ती गाईला घाली. आज मात्र ती त्या पानांकडे बघतच राहिली. मग धावत शिळेशी गेली.

"जेवायला बसण्याआधी कोण राहिलं ते बघू," ती म्हणाली. "हीच ती ओळ."

"बारा घरांनी पाळली," धनेश म्हणाला. "पण तुझी खोली धरून घरं तेरा. तू कुणाला पाहिलंस?"

वेणाईचा चेहरा उतरला. सात दिवस ती चिंचेजवळून जात होती. तिनं एक पान उचललं, ढगाचं पाणी तांब्यात घेतलं आणि सोमदंतापुढे नेऊन ठेवलं.

"उशीर झाला, बाबा. भीती वाटत होती."

"आणि मला भूक लागली होती," सोमदंत म्हणाला आणि जेवू लागला.

इकडे चुलीत ती फांदी आपोआप पेटली. शिळेवर वेणाईची ओळ उमटली. राजानं दवंडी मागे घेतली. वेणाई आपल्या खोलीत राहिली, आणि त्या दिवशी आनंदानं रडली.

त्या वस्तीत पौर्णिमेला अजूनही शब्दांवरून भांडण होतं म्हणे. पण ते आता जेवणानंतर होतं, आणि पानं मांडण्याआधी वेणाई चिंचेपर्यंत एक फेरी मारून येते.