रावसाहेबांची पंधराशे सीसी

बाजार समितीचे सभापती फत्तेसिंगराव इस्माईल मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभे राहून गरजले, "माझी अँबॅसॅडर पंधराशे सीसीची! तुझी फियाट जेमतेम अकराशेची. कशाच्या जोरावर तिचं कौतुक सांगतोस?"

"वजनाला हलकी आहे, रावसाहेब. चढते बिचारी," मिस्त्री म्हणाला.

गॅरेजची जागा समितीची होती आणि सभापतींना ती पुतण्याच्या हॉटेलसाठी हवीच होती. "मग लाव पैज! रविवारी टेकडीवरच्या देवळापर्यंत. हरलास तर गॅरेज खाली कर. जिंकलास तर दहा वर्षांचा करार देतो."

जमलेली माणसं हसली. चढावर काय होईल याची खात्री मिस्त्रीलाही नव्हती.

"मंजूर. पण पैज आपल्या दोघांची, तेव्हा ज्याची गाडी त्यानेच हाकायची."

गेली तीस वर्षं रावसाहेब मागच्या सीटवर बसत आले होते. पण चारचौघांत 'मला येत नाही' म्हणायचं कसं? "अलबत!" ते म्हणाले.

रविवारी रावसाहेब पुढे बसले आणि गिअरचा दांडा पायाशी शोधू लागले. तो स्टिअरिंगलगत असतो, हे त्यांच्या ड्रायव्हरने खिडकीतून सांगितलं. गाडीने तीन गचके खाल्ले आणि ती बंद पडली. तोवर फियाट देवळाला पोचून परतही आली.

"लबाडा, इंजिनात काय केलंस?"

मिस्त्रीने ड्रायव्हरला खूण केली. त्याने किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली.

कराराचा कागद पुढे करत मिस्त्री म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, रावसाहेब. फक्त मालक सुरू होत नाही."