लिंबाजी जिनगराचा चिंचोका

सावरखिंडीच्या वाटेला डांबर लागलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. डोळ्यांनी पाहणारं आता कुणी उरलं नाही. ऐकली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

खिंडीच्या अल्याड धानवड, पल्याड बाजाराचं गाव. मध्ये नऊ मैल नुसता दगड. धानवडला खव्याच्या भट्ट्या होत्या. खवा आटला की त्याच दिवशी बाजारात पोचायला हवा, नाहीतर आंबतो. आधी तो तट्टावर जायचा, एका अंगाला एक डबा, दुसऱ्या अंगाला एक. त्या तट्टांची खोगिरं धानवडच्या जिनगराच्या घरात व्हायची.

लिंबाजी त्या घरातला शेवटचा. बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. तट्टाची पाठ जिथं फुटली असेल तिथं भरण घालायचं नाही, उलट काढायचं. दुखऱ्या जागेला खोगीर टेकता कामा नये. ही एक. आणि खोगिराला हात लावण्याआधी धन्याला विचारायचं, ओझं किती आणि खेपा किती. धनी सांगेना तर त्याला परत पाठवायचं. ही दुसरी.

पहिली गोष्ट लिंबाजीनं जन्मभर पाळली. दुसरी तो विसरला.

पुढं तट्टं गेली आणि मोटारसायकली आल्या. बंकटराव म्हणून एक भट्टीवाला होता, सगळ्यांत मोठा. त्यानं आधी दोन गाड्या आणल्या, मग दहा. खवा दुपारच्या आत बाजारात पोचू लागला. पण गाडीवरच्या माणसांची पाठ राहीना. खिंड उतरून आलेला माणूस गाडीवरून सरळ उतरत नसे. दोघं त्याला काखेत धरून उतरवायचे आणि तो ओट्यावर पालथा पडायचा. तिशीतली माणसं वाकून चालायची. बायका रोज तेल गरम करायच्या, विटा शेकायच्या. कुणी सीटवर गोणपाट बांधलं, कुणी गोधडी, कुणी कापसाची उशी. दुखणं वाढलंच.

लिंबाजीचं दुकान खिंडीच्या तोंडाशी होतं. खोगिराला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो बसून सगळं बघायचा. एक दिवस तो बोलला, “मऊ जागी माणूस बुडतो. बुडाला की कणा वाकतो. वाकलेल्या कण्यावर दगड बसतो. उशा काढा.”

लोक हसले. म्हणाले, जिनगर आता माणसांना खोगीर घालणार.

त्यानं घातलंच. त्याच्यापाशी बाजरीचं एक पोतं होतं, तोंड शिवलेलं. गाडीवाला आला की तो त्याला त्या पोत्यावर बसवायचा. माणूस उठला की पोत्यावरून तळहात फिरवायचा. जिथं बाजरी सरकली असेल तिथं भार. जिथं सरकली नसेल तिथं माणूस दुखण्याला जपतो. तळहात फिरवून तो सांगायचा, तू लहानपणी झाडावरून पडला होतास, डाव्या अंगाला. माणूस चकित व्हायचा. डोळे मिटून नुसत्या पोत्यावरून कोण बसून गेलं ते तो ओळखायचा, असं म्हणतात.

मग तो सीट उसवायचा. आतलं भरण निम्मं काढून टाकायचा. काथ्या पिंजून थर द्यायचा, दुखऱ्या मणक्याखाली पोकळ ठेवायचा, मागून कमरेला आधार म्हणून खोगिरासारखा उंचवटा करायचा. वरून रेक्झिन ताणून बसवायचा. खिंडीत ज्या एका तट्टाची पाठ कधी फुटली नाही, त्याच्या शेपटीचे केस तो प्रत्येक सीटमध्ये घालायचा, असं म्हणतात. ते केस शेवटपर्यंत संपले नाहीत.

पहिली सीट त्यानं परसराम ढोबळेसाठी केली. परसराम सगळ्यांत तरबेज गाडीवाला, वय अठ्ठावीस. दुखणंही त्याचंच सगळ्यांत वाईट. एक खेप झाली की तो घरी जाऊन पडायचा. त्याची बायको कौसा पाठीला तेल लावायची, तो कण्हत कण्हत तिला बाजारातल्या गमती सांगायचा.

नवी सीट घालून परसराम खिंड चढला आणि शीळ घालत उतरला. गाडीवरून उडी मारून खाली आला.

“काका,” तो लिंबाजीला म्हणाला, “पाठ आहे का गेली, हेच कळंना.”

लिंबाजीची छाती फुगली. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या सीटवर दुखत नाही.” त्या सीटवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवून खिंड पार केली तरी थेंब सांडत नसे, असं म्हणतात. चार तालुक्यांतून माणसं येऊ लागली. लिंबाजी बाजरीवर बसवायचा, हात फिरवायचा, सीट करून द्यायचा. ओझं किती, खेपा किती, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. त्याला वाटलं, तो प्रश्न जनावरासाठी असतो. माणूस आपला आपण बोलेल.

माणूस बोलला नाही. बंकटराव बोलला.

गाडीवाले आता कण्हत नाहीत, हे त्यानं आठवडाभर पाहिलं. मग दोनाचे तीन डबे केले. कुणी हूं की चूं केलं नाही. तिनाचे चार केले. एका खेपेच्या दोन केल्या, मग तीन. गाडीवाल्यांना त्यात मोठेपणा वाटायचा. एक म्हणायचा, मी चार डबे नेतो. दुसरा म्हणायचा, चार तर माझी सासूपण नेईल. परसराम पाच न्यायला लागला. दुपारी घरी पडणं बंद झालं. सकाळी जायचा तो थेट दिवस बुडताना यायचा, जेवायचा आणि झोपायचा. कौसाच्या घरातली तेलाची वाटी कोरडी पडली. शेजारणी म्हणायच्या, सुटलीस बाई.

वर्ष असं गेलं.

एका दिवशी तिसरी खेप करून परसराम खिंड उतरला. नेहमीसारखी त्यानं लिंबाजीच्या ओट्याला गाडी टेकवली. उतरला मात्र नाही. तसाच बसून राहिला.

“काका,” तो म्हणाला, “माझे पाय जरा खाली ठेवा बरं. माझं ऐकंनात.”

ओट्यावरचे दोघं हसले. परसरामपण हसला. म्हणाला, मघाशी ब्रेक लागत नव्हता, मला वाटलं गाडीचा दोष.

लिंबाजी हसला नाही. हातात दाभण होतं. ते त्यानं परसरामच्या पोटरीत टोचलं. रक्त आलं. परसराम हसतच होता.

त्याला बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरनं पाठ पाहिली आणि कौसाला विचारलं, मणका कधीचा पिचत आला आहे, याला दुखत नव्हतं का?

कौसा म्हणाली, “नाही. सीट चांगली होती.”

परसराम एक हिवाळा खाटेवर होता. पाठीला जखमा झाल्या. त्याही त्याला दुखल्या नाहीत. माघात गेला.

तेराव्यानंतर कौसा भर दुपारी लिंबाजीच्या दुकानी आली. डोक्यावर ती सीट होती. तिनं ती खाली ठेवली. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, “काका, दुखत होतं तवर माणूस घरी यायचा.”

आणि गेली.

लिंबाजीनं दुकानाला फळ्या लावल्या. आत ती सीट ओट्यावर ठेवून तो तिच्यावर बसला. सकाळी बसला तो दुपार ढळेपर्यंत. काही दुखलं नाही. उठायला गेला तर कोसळला, पाय मेले होते. तिथं पडल्या पडल्या त्याला बापाची दुसरी गोष्ट आठवली. चाळीस दिवस तो कुणाशी बोलला नाही, असं म्हणतात.

त्या चाळीस दिवसांत त्यानं सीटमध्ये काय काय घालून पाहिलं. खिळ्याची टोपी घातली, ती कातडी फाडायची. खडा घातला, तो रेक्झिन फाडायचा. हरभरा घातला, त्याचं पीठ व्हायचं. शेवटी त्यानं चिंचोका घेतला, खापरावर भाजला आणि बरोबर मधोमध, काथ्याच्या थराखाली शिवला. धानवडहून निघालं की काथ्या हळूहळू दबत जायचा. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत तो पुरता दबायचा आणि चिंचोका टोचू लागायचा. माणूस खाली उतरून शंभर पावलं चालून आला की काथ्या परत फुगायचा. ओझं जास्त असेल तर गाडी जास्त आदळायची आणि चिंचोका माथ्याच्या आधीच टोचायचा. लिंबाजीनं हे इतकं नेमकं साधलं होतं की माथ्यावरच्या म्हसोबाच्या दगडापाशी टोचणी लागायची. ना हात अलीकडं, ना हात पलीकडं, असं म्हणतात.

एक्केचाळिसाव्या दिवशी त्यानं फळ्या काढल्या आणि दिलेल्या सगळ्या सीटा परत मागवल्या. प्रत्येकीत एक चिंचोका घातला.

गाडीवाले भडकले. जिनगराला वेड लागलं म्हणाले. मेलेल्याचा राग जित्यांवर काढतो म्हणाले. कुणी माथ्यावरच गाडी थांबवून चाकूनं सीट कापायचा, चिंचोका काढून फेकायचा आणि पुढं जायचा.

बंकटराव स्वतः दुकानी आला. मागं दहा माणसं उभी, चिंचोका काढून घ्यायला सीटा घेऊन आलेली.

“लिंबाजी, खवा थांबत नसतो,” तो म्हणाला.

लिंबाजी दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, “मग खव्याला पुढं जाऊ द्या. माणूस मागून येईल.”

“मी तालुक्याहून दुसरा सीटवाला आणीन.”

“आणा. पण मला आधी सांगा, ओझं किती आणि खेपा किती.”

बंकटराव पाठ फिरवून चालू लागला. लिंबाजीनं त्याच्या दहा सीटा दुकानात ठेवून घेतल्या, दिल्या नाहीत. धन्यानं सांगितल्याशिवाय देणार नाही म्हणाला. तालुक्याच्या सीटवाल्यानं दहा नव्या केल्या, जाड आणि मऊ. आठवडाभरात दहाही जण पालथे पडले. खवा भट्टीवर आंबला. त्याचा वास गावभर झाला.

त्याच आठवड्यात कौसा खिंडीच्या माथ्यावर जाऊन बसली. म्हसोबाच्या दगडाशेजारी, पाण्याचा डेरा घेऊन. जो थांबायचा त्याला पाणी द्यायची. जो थांबत नसे त्याच्याकडं नुसती बघायची. पुढं जाणाऱ्याला ती नजर उतार संपेपर्यंत पाठीत लागायची, असं म्हणतात. ती टोचणी कुठल्याच सीटनं जात नसे.

आधी एक थांबला. मग तिघं. मग सगळेच. शेवटी बंकटराव दुकानी आला आणि ओट्याखाली उभा राहून म्हणाला, “दोन डबे. एक खेप.” लिंबाजीनं सीटा काढून दिल्या.

एवढं झालं म्हणून लिंबाजीला कुणी बरं म्हटलं, असं नाही. त्यालाही ते नको होतं. तो ज्या गोणपाटावर बसून काम करायचा, त्याखाली त्यानं मूठभर चिंचोके पसरले आणि मरेपर्यंत त्यावरच बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, मी विसराळू आहे. गेला तोही बसल्या जागी, हातात दाभण. अंघोळ घालताना त्याच्या अंगावर चिंचोक्यांचे खड्डे दिसले. ते कुणी मोजले नाहीत. परसरामची सीट त्याच्यासोबत सरणावर ठेवली. ती जळाली नाही असंही म्हणतात, पण ते मला खरं वाटत नाही.

जे खरं आहे ते सांगतो. माथ्यावर गाडीवाल्यांनी जे चिंचोके फेकले, त्यांची झाडं झाली. भाजलेला चिंचोका उगवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. जाऊन बघा. सात चिंचा आहेत, एका ओळीत, वाटेच्या कडेनं. त्या सात गाड्या कुणाकुणाच्या होत्या, ते धानवडला कुणी सांगत नाही. त्यांची पोरं नांदताहेत.

आता वाट डांबरी झाली. खवा टेम्पोनं जातो. पण सावरखिंडीच्या दोन्ही अंगांना जो कुणी मोटारसायकलची सीट शिवतो, तो आधी ओझं आणि खेपा विचारतो आणि मधोमध एक चिंचोका घालतो. त्याशिवाय दोरा तोडत नाही. माथ्यावर आल्यावर गाडीवाला गाडी बंद करतो, उतरतो, सातव्या चिंचेपर्यंत चालत जातो आणि परत येतो. डेरा अजून आहे. ढोबळ्यांच्या घरातली सून तो रोज भरते.

मागं एक नवा गाडीवाला आला होता, परगावचा. सीट चांगली होती, चिंचोका नव्हता. सगळे उतरलेले पाहूनही तो तसाच बसून राहिला. ढोबळ्यांची सून पाणी घेऊन पुढं आली.

“उतरा, दादा.”

“मला काही दुखत नाही, ताई.”

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला नाही. खाली दगडावर ठेवला.

“म्हणूनच उतरा,” ती म्हणाली.